सिस्टर, तुमच्या मनाला काहीही झालेलं नाही

या वेळचं पत्र सोलापूरहून आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"सरकारी रुग्णालयात तीसएक वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली बरीचशी कॅज्युअल्टीत गेली. निवृत्त झाल्यावर मुलाने टॅब घेऊन दिला आणि मला ब्रिटिश मालिकांचा नाद लागला. त्यातही काळोख्या मालिकांचा. 'हॅपी व्हॅली' दोनदा पाहिली, 'ब्रॉडचर्च' पाहिली. सगळे झोपले की हेडफोन लावून बसते, कधी कधी रात्रीचा एक वाजतो. सून म्हणते, आई, असलं खून-बलात्काराचं काय बघता, घरात नऊ वर्षांचं पोर आहे. मिस्टर एसटीत कंडक्टर होते. त्यांना संध्याकाळच्या मराठी मालिका लागतात. त्यातलं रडणं मला खोटं वाटतं, मी उठून आत जाते. ते म्हणतात, जन्मभर ड्यूटी केलीस, आता तरी शेजारी बस. मुलाने 'इनसाइड नंबर नाइन'मधला क्रिस्टीन नावाच्या मुलीचा भाग लावून दिला, त्याचा मला फार राग आला. अशा क्रिस्टीन मी स्वतः स्ट्रेचरवरून आत घेतल्यात. त्याचा खेळ कशाला करायचा? आणि एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. या मालिकांत कुणी गेलेलं असतं, घरात माणसं जमलेली असतात, त्यात कुणीतरी काहीतरी बोलतं आणि मला हसू फुटतं. अगदी पोट धरून. माझं मन मेलंय का? हे बघणं सोडून देऊ का?"

सिस्टर (इतकी वर्षं ज्या नावाने हाक मारली गेली, त्याच नावाने मारते), सोडू नका. हे आधी सांगून टाकते, कारण तुमच्या शेवटच्या दोन ओळी वाचून मला राहवलं नाही. मन मेलेलं असतं तर एका अर्ध्या तासाच्या भागाचा तुम्हाला एवढा राग आला नसता. त्या रागाचं आणि त्या हसण्याचं उत्तर सविस्तर द्यायचं आहे. सूनबाई आणि मिस्टर यांचाही विचार करू, तो त्या मानाने सोपा आहे.

'हॅपी व्हॅली' तुम्ही दोनदा पाहिलीत याचं मला जराही नवल वाटलं नाही. तिची सुरुवात आठवा. मुलांच्या खेळाच्या मैदानात एक तरुण अंगावर पेट्रोल ओतून, हातात लायटर धरून उभा आहे. पोलीस सार्जंट कॅथरीन केवुड आग विझवायचं सिलिंडर घेऊन निघते, आणि वाटेत एका दुकानात शिरून गॉगल मागते. त्याला जायचं असेल तर तो जाईल, पण माझ्या भुवया कशाला जळाव्यात, असा तिचा हिशोब. मग ती त्या पोरासमोर जाऊन उभी राहते आणि स्वतःची ओळख करून देते. वय 47, घटस्फोट झालेला, हेरॉइनच्या व्यसनातून सावरणारी बहीण माझ्याकडेच राहते, मुलं दोन, त्यातलं एक गेलं, दुसरं माझ्याशी बोलत नाही, आणि एक नातू. केसपेपर वाचून दाखवावा तसं एका दमात, आवाज न चढवता.

ही बाई तुम्हाला परकी कशी वाटेल? तिला पोराचा जीवही वाचवायचा आहे आणि स्वतःच्या भुवयाही. मुलीच्या मरणाचं दुःख तिच्या अंगात मुरलेलं आहे, पण उद्या सकाळची ड्यूटी चुकत नाही. सॅली वेनराइट ही लेखिका, जिथे ही मालिका घडते त्याच इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या काल्डर खोऱ्यात, सोवर्बी ब्रिजमध्ये वाढली. त्यामुळे तिथला चढउतार, तिथल्या बायकांचं तोंड, कामावरून आल्यावर परसदारी बसून चहा पिण्याची पद्धत, सगळं तिच्या हाताखालचं आहे. 2014, 2016 आणि मग एकदम 2023 अशा तीन पर्वांत मिळून 18 भाग. दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्वात सात वर्षं मध्ये जाऊ दिली, कारण नातू साकारणारा मुलगा खरोखरच मोठा व्हायला हवा होता. मालिका गाजतेय म्हणून ओढत नेली नाही. या एका गोष्टीसाठी मला त्या मंडळींबद्दल फार आदर आहे.

आता हसण्याचं. रात्रपाळीला तीन वाजता चहाच्या टेबलाशी कसले विनोद होतात, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. ते नातेवाइकांच्या कानावर पडू द्यायचे नसतात, एवढं सगळ्यांना कळतं. त्या विनोदात पेशंटची टिंगल नसते. नुकतंच जे हातून निसटलं, ते पचवून पुन्हा वॉर्डात उभं राहायचं असतं, आणि त्यासाठी दुसरं काहीच हाताशी नसतं. ब्रिटिश लोकांनी काय केलं, तर तो चहाचा टेबल उचलून थेट टीव्हीवर नेला. इतकी वर्षं तुम्ही तिथे बसलात, तेव्हा घरी बसून तसंच काही कानावर पडलं की हसू फुटणारच. सूनबाईंना फुटणार नाही, कारण त्या तिथे बसलेल्या नाहीत. त्यात त्यांचा दोष नाही आणि तुमचाही नाही.

तुम्ही विनोदी मालिकांची नावं लिहिली नाहीत म्हणून एक सुचवते. 'ब्लॅकॅडर गोज फोर्थ', 1989 ची, सहाच भाग. पहिल्या महायुद्धातला खंदक, आत अडकलेले अधिकारी आणि शिपाई, आणि कसंही करून समोरच्या गोळीबारात जाणं टाळायचं, यासाठी कॅप्टन ब्लॅकॅडरच्या युक्त्या. रोवन ऍटकिन्सनला आपल्याकडे मिस्टर बीन म्हणून ओळखतात, तो इथे शब्दांनी चिरतो. पाच भाग तुम्ही नुसत्या हसाल. सहाव्यातही हसाल, पण हळूहळू लक्षात येईल की एकेकाचे विनोद संपत चाललेत. जो डार्लिंग नावाचा कारकुनी कॅप्टन आतापर्यंत मागे सुरक्षित बसून होता, त्यालाही पुढे धाडलं जातं. मग शिट्टी वाजते, सगळे वर चढतात, चित्र संथ होतं आणि त्या जागी फुलांनी भरलेलं शेत दिसतं. त्या शेवटासाठी आधीचं सगळं हसणं लागतं. नुसती रडकी युद्धकथा असती तर ती माणसं आपली झाली नसती. त्यामुळे शेवटचा भाग आधी लावू नका, मुलाने कितीही आग्रह केला तरी.

ज्यांनी 'इनसाइड नंबर नाइन'मधला क्रिस्टीनचा भाग पाहिलेला नाही, त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत, त्यात शेवट सांगितला आहे.

तुम्हाला राग आला तो भाग 2015 चा. शेरिडन स्मिथने क्रिस्टीन केली आहे. एका फ्लॅटमध्ये तिच्या आयुष्यातले दिवस एकामागून एक येतात. नववर्षाच्या पार्टीत भेटलेला मुलगा, लग्न, बाळ, वडिलांना जडलेलं विस्मरण, मोडत गेलेला संसार. मध्येच काहीतरी चुकतं. अंडी फुटतात, रेनकोट घातलेला अनोळखी माणूस घरात उभा दिसतो. आपण समजतो भुताची गोष्ट आहे. शेवटी कळतं की क्रिस्टीन अपघात झालेल्या गाडीत आहे, आणि आपण पाहिलं ते तिच्या नजरेसमोरून सरकत गेलेलं आयुष्य होतं.

तुम्ही म्हणता, खेळ केला. इथे मी तुमच्याशी भांडणार आहे. अशा पेशंटला तुम्ही नेहमी बाहेरून पाहिलंत. नाडी लागते का, बीपी किती, बाहुल्या कशा आहेत, सोबत कोण आलंय, रक्त कुठून मागवायचं. त्या बाईच्या आत त्या घटकेला काय चाललं असेल, हा विचार तुम्हाला करताच आला नसता. केला असता तर हात चालले नसते. हा भाग बरोबर त्या आतल्या जागेत जाऊन उभा राहतो, जिथे तुम्हाला इतकी वर्षं जायला मनाई होती. मला वाटतं राग त्याचा आला. आणि लिहिणाऱ्यांनी क्रिस्टीनला थट्टेचा विषय केलेलं नाही. तिची नोकरी, तिचं लग्न, तिचं चुकणं, सगळं साधं आहे, कुणाचंही असेल असं, आणि तेच त्यांनी जपून दाखवलं आहे. पुन्हा बघा असं मी म्हणणार नाही. तुमच्या रागाला तुमचं कारण आहे, मला ते मान्य आहे.

पण त्या मालिकेवरच काट मारू नका. स्टीव्ह पेंबर्टन आणि रीस शिअरस्मिथ या दोघांनी 2014 ते 2024 या काळात तिचे 55 भाग केले, प्रत्येकाची गोष्ट निराळी, जवळजवळ प्रत्येकात स्वतः कामंही केली. हीच जोडी आधी 'द लीग ऑफ जेंटलमेन'मध्ये होती. ती मालिका मला निम्मी आवडते आणि निम्मी नाही, कारण तिच्यात विचित्र दिसणाऱ्या माणसाला नुसतं विचित्र म्हणूनच हसलं जातं, बऱ्याच ठिकाणी. पुढे त्यांचं लिखाण मऊ झालं, खोल झालं. 2018 चा 'बर्नी क्लिफ्टन्स ड्रेसिंग रूम' हा भाग बघा. दोन म्हातारे विनोदी नट किती तरी वर्षांनी भेटतात आणि जुने प्रवेश पुन्हा करून बघतात. एकाला सगळं पाठ आहे, दुसऱ्याला ते आठवायचंच नाही. ते का भेटले, हे मी सांगत नाही. तो बघून तुम्हाला काय वाटलं ते मात्र मला जरूर कळवा.

सूनबाईंच्या आक्षेपातही दम आहे, तो झटकून टाकू नका. सगळ्या काळोख्या मालिका सारख्या नसतात. मी स्वतः एक गोष्ट बघते. खून झाल्यावर कॅमेरा कुणाच्या घरी जातो? 'ब्रॉडचर्च'च्या पहिल्याच भागात खून झालेल्या डॅनीची आई गाडीतून उतरून, वाहतूक खोळंबली म्हणून पळत पळत समुद्रकिनाऱ्यावर येते, आणि चादरीबाहेर राहिलेला बूट तिला दिसतो. तिथून पुढे कॅमेरा त्या आईला सोडत नाही. वडील, बहीण, शेजारी, पेपरवाला, सगळ्या गावाचं काय झालं ते दाखवतो. मेलेल्या मुलाला तो फार बघत बसत नाही. उलट 'द फॉल' घ्या. गिलियन अँडरसनने त्यात फार सुंदर काम केलं आहे, बेलफास्ट शहरही नीट दिसतं, पण कॅमेरा खुन्याच्या इतका जवळ जाऊन बसतो, त्याच्या देखणेपणात इतका रमतो, की मारल्या गेलेल्या बायका त्याच्या गोष्टीतलं सामान होऊन जातात. 'ल्यूथर'च्या उत्तरार्धातही तेच. बाई घरी एकटी आहे, दिवा जातो, मागे कुणीतरी आहे. इद्रिस एल्बासाठी बघावंसं वाटतं खरं, पण रात्री एकट्याने बघून त्यातून मिळतं काय? ती यादीतून काढून टाका. त्याचाच आपल्याकडे 2022 मध्ये 'रुद्र' झाला, अजय देवगणचा, त्यालाही हेच लागू.

आणि सूनबाई बलात्काराचं म्हणतात, तर त्यांना 'ब्रॉडचर्च'च्या तिसऱ्या पर्वाचा, 2017 चा, पहिला भाग तुमच्याबरोबर बघायला बोलवा. तुम्ही तो पाहिलाय. अत्याचार दाखवलेलाच नाही. दाखवलं आहे ते त्यानंतरचं. पन्नाशीच्या आतबाहेरची ट्रिश तपासणी केंद्रात येते आणि तिथली बाई तिला प्रत्येक पायरीला विचारते, आता हे करू का, चालेल का, थांबायचं असेल तर सांगा. एकेक नमुना घ्यायचा, पिशवीत घालायचा, लेबल लावायचं. घाई नाही, संगीताचा मारा नाही. एमएलसीचे, म्हणजे पोलीस केसचे, कागद भरताना, बाहेर पोलीस खोळंबलेले आणि आत एकच पडदा, अशा परिस्थितीत तुम्ही हेच काम केलं असणार. तो भाग थांबवून सूनबाईंना सांगा, आमच्याकडे हे कसं व्हायचं, काय नीट व्हायचं, काय व्हायला हवं होतं. सासूला त्या पहिल्यांदाच नर्स म्हणून बघतील. मग त्या मालिका आवडोत न आवडोत, आई भलतंसलतं बघते असं त्या म्हणणार नाहीत, अशी मला आशा आहे.

नातवाच्या बाबतीत मात्र सूनबाईंचं ऐकायचं, शंभर टक्के. तुमच्या लाडक्या देशातही हाच नियम आहे. टीव्हीवर मोठ्यांचा मजकूर रात्री नऊच्या आधी दाखवायचा नाही, ही तिथल्या वाहिन्यांवरची जुनी मर्यादा आहे. घरात तीच लावा. नऊच्या आत टॅबवर असलं काही सुरू नाही, पोर जागं असेल तर नऊनंतरही नाही, आणि टॅबला कुलूप.

पण रात्री एक वाजेपर्यंतही नाही, सिस्टर. एक भाग, फार तर दीड. शेवट खिळवून ठेवणारा असेल तर तिथेच बंद करा, पुढचा आपोआप सुरू होऊ देऊ नका, ती सोय बंद करता येते. रात्रपाळीच्या सवयीने तुम्हाला जागरण जाणवत नसेल, शरीराला जाणवतं. जुने पेशंट स्वप्नात यायला लागले, दार लावलंय का हे पुन्हा पुन्हा उठून बघावंसं वाटलं, जेवणावरची वासना उडाली, तर मालिका बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तुम्ही इतरांना हे कितीदा सांगितलं असेल. स्वतःसाठी तेवढीच तत्परता दाखवा.

आता मिस्टर. त्यांच्या मालिकांना खोटं म्हणून उठून जाऊ नका, त्यांच्या मनाला लागत असणार. शिवाय एक गंमत आहे. तुम्ही जिच्यावर जीव टाकता त्या 'हॅपी व्हॅली'चं मूळ अशाच एका रोजच्या घरगुती मालिकेत आहे. 'कोरोनेशन स्ट्रीट' 1960 पासून ब्रिटनमध्ये चालू आहे, एका गल्लीतली माणसं, एक दारूचा गुत्ता, सासवासुना, भांडणं. सॅली वेनराइटने नव्वदच्या दशकात तिचे भाग लिहिले. कॅथरीन करणारी सारा लँकेशर त्याच गुत्त्यावर रॅकेल नावाची भोळी मुलगी म्हणून काम करत होती आणि साऱ्या देशाला पाठ होती. रोजच्या मालिकेत माणसं कशी बोलतात हे शिकून मगच त्या दोघी इथवर आल्या. हे मिस्टरांना सांगा. रोज त्यांची एक मालिका त्यांच्या शेजारी बसून बघा, हातात भाजी निवडायला घेतलीत तरी चालेल. बोलू नका, नावं ठेवू नका.

आणि मग त्यांना तुमच्या बाजूला बोलवा, पण खुनाकडे नाही. त्यांच्यासाठी माझ्या मनात एकच मालिका आहे, 'मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस'. जानेवारी 2024 मध्ये चार रात्री चार भाग दाखवले. यात एकही खून नाही, तरी अलीकडे मी इतकं काळोखं काही पाहिलेलं नाही, कारण सगळं खरं घडलेलं आहे. ब्रिटनमधल्या गावोगावच्या छोट्या पोस्टांत होरायझन नावाची संगणक व्यवस्था बसवली. ती चुकीचे आकडे दाखवायची, आणि तूट आली की पोस्ट चालवणाऱ्याने खिशातून भरायची. भरून भरून माणसं कंगाल झाली, चोर ठरली, तुरुंगात गेली. 900 च्या वर लोकांवर खटले झाले. त्यांत भारतीय वंशाचे दुकानदारही बरेच होते, एक गरोदर बाईसुद्धा तुरुंगात गेली. नावातले बेट्स म्हणजे या सगळ्यांना एकत्र आणून लढलेले पोस्टवाले.

त्यातला एक प्रसंग मिस्टर जन्मात विसरणार नाहीत. गावातलं दुकान आणि पोस्ट चालवणारी जो हॅमिल्टन हिशोब जुळत नाही म्हणून मदतीच्या नंबरवर फोन लावते. पलीकडची व्यक्ती सांगेल तशी बटणं दाबते. आणि तिच्या डोळ्यांदेखत तुटीचा आकडा दुप्पट होतो. वर तिला सांगितलं जातं की असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. सगळ्यांना हेच सांगितलं जात होतं. ज्या माणसाने नोकरीभर वेबिल आणि रोकड जुळवली, पाच रुपयांचा फरक आला तर पहिल्यापासून तिकिटं मोजली, त्याला इंग्रजीतलं अर्धं संभाषण कळलं नाही तरी त्या बाईचा चेहरा कळेल. थांबवून थांबवून बघा. तो तुम्हाला समजावून सांगेल, तुम्ही त्याला, हे मी अहोंबद्दल एकेरीत लिहितेय, पण घरात दोघं बोलाल तेव्हा असंच मोकळं बोलाल, असा माझा अंदाज आहे.

पोस्टांचा हा प्रश्न मालिकेच्या आधी कैक वर्षं कागदोपत्री उघड झालेला होता. पेपरांत येत होता, कोर्टातही गेला होता. मालिका लागली, लोक घरोघरी चिडले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात ब्रिटनच्या संसदेने त्या शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा केला. टीव्हीवरच्या काळोख्या गोष्टीचा उपयोग काय, असं घरात कुणी विचारलं तर हे सांगता येईल.

इंग्रजी सबटायटल्स खाली येऊ द्या, इंग्रजी उत्तम येत असलं तरी. यॉर्कशर आणि वेल्सकडचे उच्चार आपल्या कानाला लवकर लागत नाहीत, आणि निम्मे विनोद तिथेच सांडतात. शनिवारी रात्री जेवणं आटोपली की मिस्टर बेट्सचा पहिला भाग लावा, टॅबवर नको, बाहेरच्या मोठ्या टीव्हीवर, हेडफोन न लावता.